परत जायची खोकी

अमेरिकेत, अर्विंगमध्ये घर घेतलं तेव्हा दोन गाड्यांचं गॅरेज मिळालं म्हणून मी कॉलर ताठ करून फिरत होतो. त्या गॅरेजमध्ये आजवर एकही गाडी राहिली नाही. तिथे आमची खोकी राहत. रिकामी.

भारतात परत जाताना सामान त्याच्या मूळ खोक्यात, थर्माकोलसकट भरायचं, असं बायकोने आणि मी इथे आल्या आल्या ठरवलं होतं. ओळखीतली निम्मी मराठी घरं हेच करतात. म्हणून राइस कुकरचं खोकं ठेवलं, टीव्हीचं ठेवलं. मग सेलमध्ये त्याहून मोठा टीव्ही मिळाला. जुना देऊन टाकला, खोकं ठेवलं. असं तीनदा झालं. एअर फ्रायर, ज्यूसर, तळपायाला मालिश करणारं एक यंत्र. वस्तू येत-जात होत्या, खोकी मात्र अमेरिकेत कायमची स्थायिक झाली. पाच वर्षांत परत, असं सांगून आम्ही निघालो होतो. त्याला आता पंधरा वर्षं झाली.

या एप्रिलमध्ये आम्ही नवी गाडी घेतली. लांबलचक, सात जणांची. आम्ही माणसं तीन. दुसऱ्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी, तिघांचे फोन एकदम किंचाळले. अर्ध्या तासात गारपीट, लिंबाएवढ्या गारा.

"अरे, बघत काय बसलास? गाडी आत घे!" बायको ओरडली.

"आत म्हणजे कुठे?"

मग आम्ही खोक्यांवर तुटून पडलो. मी त्यांच्यावर नाचून ती चपटी करत होतो, बायको बाहेर भिरकावत होती. थर्माकोलचे दाणे माझ्या भुवयांपर्यंत पोचले. आमची तेरा वर्षांची मुलगी, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच येतं, प्रत्येक खोकं उचलून विचारत होती, "बाबा, व्हेअर इज द ॲक्चुअल थिंग?" मी पुढचं खोकं चपटं करायला घेत होतो.

शेवटी मागच्या भिंतीला लागून चार खोकी उरली. पहिल्या वर्षीची. त्यातलं वरचं मी उचललं. त्यावर मार्करने, बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं: 'नागपूर. स्वयंपाकघर. आईंना विचारून लावणे.'

आई म्हणजे माझी आई. तिला जाऊन चार वर्षं झाली.

"ती राहू दे," बायको म्हणाली.

"अगं, गाडी मावणार नाही."

"राहू दे म्हटलं ना! बाहेर भिजतील."

मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. नेमका कुणाचा, ते ठरवायला वेळ नव्हता. मी गाडी आत घातली. नाक खोक्यांना टेकलं, शेपूट दोन हात बाहेर राहिलं, दार काही खाली येईना. आणि गारा सुरू झाल्या. आम्ही चार रिकाम्या खोक्यांशेजारी उभं राहून नव्या गाडीचं मागचं अंग बडवलं जाताना ऐकत राहिलो.

"व्हाय डिडन्ट वी जस्ट टेक देम इन द हाउस?" मुलीने विचारलं.

दोघांच्या मिळून दोन इंजिनिअरिंगच्या डिग्र्या आहेत आमच्या.

पुढच्या शनिवारी विम्याचा माणूस आला. गाडी पुढून शोरूममधली, मागून आप्पेपात्र. असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. दोनदा प्रदक्षिणा घालून त्याने आत डोकावलं आणि त्या खोक्यांत एवढं किमती काय आहे, असं विचारलं.

रिकामी आहेत म्हणायला माझी जीभ रेटेना. बायकोच म्हणाली, "वी आर मूव्हिंग बॅक टू इंडिया."

तो खूश झाला. म्हणाला, वा, कधी?

"व्हेरी सून," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. पंधरा वर्षांचा सराव होता.

मुलगी दारात उभी होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला होता. ती माझ्याजवळ आली, बाही धरली, आणि त्या माणसाला कळू नये म्हणून हळूच, चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, मला नाही जायचं."