एकही भोक नसलेली गाडी

बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत अविनाशना माणसं नावापेक्षा “हुक कुठाय?” या प्रश्नानंच जास्त ओळखत. सेफ्टी विभागात एकतीस वर्षं काढली त्यांनी. परांचीवर चढलेल्या माणसाच्या कमरेचा पट्टा कुठे अडकवलाय ते खालून दिसलं नाही, की हे ओरडायचे, आणि तो कंत्राटदाराचा कामगार असो की मोठा साहेब, खाली उतरल्याशिवाय त्याची सुटका नसे. सवय घरीही आली. मी जळमटं काढायला स्टुलावर चढले की मागून आवाज यायचा, “हुक कुठाय?” आमची एकुलती एक सानवी शाळेत असताना दिवाळीत अनार लावायची ती हातमोजे घालून. आमच्या फतेगंजमधली पोरं तिला हसायची.

अशा माणसाच्या गाडीत पट्टा नव्हता.

गाडी सासऱ्यांची, नारायणरावांची. सत्तावन्न सालची फियाट, फुगीर नाकाची, जिला लोक डुक्कर फियाट म्हणतात ती. सासरे गेल्यावर अकरा वर्षं ती अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात अविनाशनी ताडपत्री ओढली. पुढची चार वर्षं ते मुंबई, अहमदाबादच्या भंगार बाजारांत हिंडले. दाराची काच वरखाली करायचा एक हँडल मिळाला तेव्हा त्यांनी तो रुमालात गुंडाळून रात्रभर रेल्वेत मांडीवर धरून आणला. नवं काही लावायचं नाही. लावायचं ते त्याच काळातलं, त्याच गाडीचं. रंगसुद्धा कारखान्यातलाच, राखाडीवर निळसर झाक असलेला. “हिच्यात एक स्क्रू बाहेरचा नाही,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. स्टिअरिंगपाशी असलेला गिअर खाली ओढताना त्यांचा चेहरा लग्नाच्या फोटोतल्यासारखा व्हायचा. ते मला आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण पुढची सीट बाकासारखी सलग, आणि तिच्यासमोर पत्र्याचा उघडा डॅशबोर्ड. मी त्यांच्या पासष्टाव्या वाढदिवसाला दोन सीटबेल्ट आणले. त्यांनी पाकीट उघडलंसुद्धा नाही.

“बसवायचे कुठे?”

“पीयूषभाई म्हणाला, एका बेल्टला तीन भोकं. दोन खाली, एक मधल्या खांबाला.”

“म्हणजे सहा भोकं. अगं, सदुसष्ट वर्षांत या पत्र्याला कुणी ड्रिल लावलेलं नाही. जुन्या गाड्यांच्या शोमध्ये परीक्षक गालिचा उचलून बघतात.”

“आणि हुक कुठाय?” सानवी आतून ओरडली.

हसले ते. “चाळिसाच्या वर नेतो का मी? कायद्यानंही जुन्या गाड्यांना माफी आहे.”

“तुमच्या परांचीवर कायदा विचारत होता का कुणाला?” मी म्हणाले.

“ती परांची होती. ही गाडी आहे.”

बेल्ट माळ्यावर गेले. पीयूषभाई म्हणजे सयाजीगंजातला आमचा मेकॅनिक. मी त्याला तेव्हाच बोलावून घ्यायला हवं होतं. नाही बोलावलं. घरात चार दिवस तोंडं फुगतील याची भीती मला वाटली.

दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची, पण तिच्या तब्येतीप्रमाणे. कुंकवानं रंग खराब होतो म्हणून बॉनेटवर विड्याचं पान, आणि कुंकू त्या पानावर. झेंडूचा हार दोऱ्यानं नाही, लोकरीनं बांधायचा. मग फतेगंजहून सयाजीगंजपर्यंत एक फेरी. मागच्या वर्षी त्यांची मोठी बहीण निरुपमाताई आमच्याकडे होत्या. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, त्या मागच्या सीटवर तिरक्या बसल्या, उरलेल्या जागेत मी. सानवी म्हणत होती, “मी ॲक्टिव्हावर येते ना मागून.”

“बस गं पुढे,” मीच म्हणाले. “वर्षाचा सण आहे, बाबांना बरं वाटेल.”

हे वाक्य माझं आहे. त्यांच्यावर बोट दाखवताना ते मला दर वेळी आधी आठवतं.

दसऱ्याला बडोद्यात फाफडा-जिलबीच्या रांगा दुकानातून रस्त्यावर उतरतात. त्या रांगेतून एक माणूस जिलबीचं पुडकं छातीशी धरून स्कूटर घेऊन एकदम समोर आला. डावीकडे गरब्याच्या मांडवाचे बांबू होते, त्यांच्यापलीकडे मोकळी जागा. मागून मला सगळं दिसत होतं. अविनाशनी स्टिअरिंग डावीकडे वळवलं. मग परत सरळ केलं, आणि ब्रेकवर उभेच राहिले.

गाडी थांबली, स्कूटरपासून हातभर अलीकडे. सानवी थांबली नाही. डॅशबोर्डवर तिचं तोंड आपटल्याचा आवाज एखादा डबा पडल्यासारखा होता.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, ओढणीनं रक्त टिपत होते, तेव्हा रांगेतला एक गृहस्थ गाडीभोवती चक्कर मारून आला आणि अविनाशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “गाडीने कंई नथी थयुं, साहेब. नसीब छे.” गाडीला खरंच काही झालं नव्हतं.

जबडा दोन ठिकाणी तुटला होता. पुढचे दोन दात गेले. डॉक्टरांनी प्लेटी बसवल्या आणि सहा आठवडे तोंड तारांनी बांधलं. मी खिचडी गाळून द्यायची, ती नळीनं ओढायची. रोज तिच्या डोळ्यांतून पाणी येई, आणि अविनाश उठून अंगणात जात. एकदा मी त्यांच्या मागे गेले. ते गाडीपाशी उभे होते, हात बॉनेटवर.

“तुम्ही डावीकडे घेतली होती,” मी म्हणाले. “परत का आणलीत?”

त्यांनी बॉनेटवरचा हात काढून घेतला.

“बांबू होते.”

“बांबूच होते. माणसं नव्हती.”

“मडगार्ड गेलं असतं,” ते म्हणाले. आणि मग घाईघाईनं, “विचार केला नाही मी. हात आपोआप गेला.”

तेच मला सहन होत नाही. विचार करून केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मला वाटलं होतं, आता तरी बेल्ट खाली येतील. नाही आले. अविनाशनी दुसरा उपाय काढला: यापुढे पुढच्या सीटवर कुणी बसायचं नाही. रिफायनरीत धोक्याच्या जागेला दोरी बांधून पाटी लावतात, तसा. आणि जानेवारीत गाडी शोला गेली. सानवी तोवर बोलू लागली होती, स आणि श जरा घसरत होते, पण ती हट्टानं आली. परीक्षकांनी गालिचा उचलला. एकानं टॉर्च घेऊन आत डोकं घातलं आणि बाहेर येऊन दुसऱ्याला म्हणाला, “वाह! एकही भोक नाही. अगदी जशीच्या तशी.”

मूळ स्थितीतल्या गाड्यांत पहिला नंबर आला. अविनाशनी करंडक घेतला आणि नकळत सानवीपुढे धरला, लहानपणी तिच्या शाळेतले कप ती त्यांच्यापुढे धरायची तसा.

सानवीनं तो हातात घेतला नाही. ओठ वर करून नवे दात दाखवले. “माझे दोन पार्ट बदललेत, बाबा. आत स्क्रूपण आहेत, बाहेरचे. मला कुठल्या वर्गात उभी करता?”

आजूबाजूची माणसं हसली. त्यांना तो विनोद वाटला. अविनाशनी करंडक मागच्या सीटवर ठेवून दिला.

दुसऱ्याच आठवड्यात ते एका सहकाऱ्याच्या तेराव्याला सुरतेला गेले. मी माळ्यावरून पाकीट काढलं आणि पीयूषभाईला घरी बोलावलं. त्यानं ड्रिल बाहेर काढलं आणि परत पिशवीत ठेवलं.

“बेन, साहेब मने मारी नाखशे.”

“मारतील तर मला मारतील. तू लाव.”

“पहिला नंबरवाळी गाडी छे, बेन. विचारी ल्यो.”

“विचार करायला मला दीड वर्ष मिळालं होतं, पीयूषभाई.”

सहा भोकं पाडायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पत्र्याचा बारीक चुरा मी केरसुणीनं गोळा केला. एवढंच होतं ते.

अविनाश संध्याकाळी आले. गाडीचं दार उघडून कितीतरी वेळ आत वाकून बघत होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते, आरडाओरड्याची वाट बघत. ते आत आले, हातपाय धुतले, जेवले. “खांबाचं भोक जरा खाली आलंय,” एवढंच म्हणाले. “पट्टा खांद्यावरून सरकेल.” दुसऱ्या दिवशी पीयूषभाईकडे जाऊन त्यांनीच ते नीट करून घेतलं. म्हणजे सातवं भोक. त्यानंतर गाडी कुठल्या शोला गेली नाही.

परवा दसरा झाला. पूजा झाली, पान ठेवलं, लोकरीनं हार बांधला. अविनाशनी पुढचं डावं दार उघडलं आणि धरून उभे राहिले. सानवी जिना उतरून आली ती हेल्मेट घालून.

“बस ना,” ते म्हणाले. “आता पट्टा आहे.”

“तुम्ही व्हा पुढे, बाबा. मी येते मागून.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला धीर आला असता.

तिनं ॲक्टिव्हा सुरू केली. ते दार धरून होतेच. मग त्यांनी आत वाकून रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन लावला.

मी मागच्या सीटवर बसत होते. “तिथे कोण बसलंय?”

“बकल दारावर आपटतं,” ते म्हणाले. “रंग जाईल.”