विमानाने पावणेदोन तास

गाव सोडलं त्या सकाळी आबा मला पुसदच्या स्टँडपर्यंत पोचवायला आले होते. घरातला पहिला इंजिनिअर मी, पायात नवे बूट. खिडकीतून आबांनी विचारलं, "किती लांब हाय रे ते बंगलोर?" एसटीने नांदेड, तिथून रेल्वे, सगळं मिळून दीड दिवस. असं मी सांगितलं. गाडी हलल्यावर आबा म्हणाले, "मंग येशील तवा येशील."

ते वाक्य मला वर्षानुवर्षं टोचत राहिलं. पुढे व्हाइटफील्डच्या ऑफिसात टीम लीड झालो, विमानाने जाऊ-येऊ लागलो, तेव्हा फोनवर ठणकावून सांगितलं, "आता बंगळूर ते नागपूर पावणेदोन तास, आबा!" नागपूर ते गाव हे पाच तास मी धरलेच नाहीत. आबांनीही नाहीत. पीठगिरणीवर, सलूनमध्ये ते ज्याला त्याला सांगत, "पोरगा पावणेदोन तासावर हाय. तुमचं यवतमाळ लांब पडते."

खरं सांगायचं तर त्या आकड्यावर माझाही तेवढाच विश्वास बसला होता.

म्हणून ताईच्या थोरल्या मुलीच्या, शीतलच्या लग्नाला मी आदल्या दिवशी निघालो नाही. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. सुट्टी मागितलीच नाही, विमान होतं ना! मंगलाष्टकांच्या वेळी नवरीमागे मामा उभा राहतो, आणि शीतलला सख्खा मामा मी एकटाच. मुहूर्त बारा पस्तीसचा. पहिलं विमान, पुढे टॅक्सी, सव्वाबाराला मांडवात. विमान धावपट्टीवर पाऊण तास उभं राहील आणि यवतमाळच्या पुढे रस्ता खोदलेला असेल, हे माझ्या हिशेबात नव्हतं.

साडेबाराला ताईचा फोन. "कुठं आलास, राजू?" गावाच्या बरंच अलीकडचं दारव्हाही अजून यायचं होतं. तिच्या मागे माइकवर आबा, "थांबा जरा, पोरगा विमानानं येऊन राह्यला!" त्यावर कुणीतरी ओरडलं, "मंग मांडवातच उतरवा ना, आबा!" सगळा मांडव हसला.

वीस मिनिटं थांबले म्हणे. नंतर ताईचा फोन आलाच नाही.

पोचलो तेव्हा दुसरी पंगत उठत होती. शीतलच्या मागे शेजारचा सुभाष उभा राहिला होता. माझ्याच वर्गातला, दहावीत शाळा सुटलेला, आता काळीपिवळी जीप चालवतो. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "जेवून घे." रागावले असते तर बरं झालं असतं.

इथे बंगळूरला माझ्या मजल्यावर चार दारं आहेत. कुणाकडे कार्य असलं की मला बाहेरच्या चपलांवरून कळतं. गाव सोडून गेलेल्यांनो, घरच्यांना विमानाचा वेळ सांगू नका, दारापासून दारापर्यंतचा सांगा. घर म्हणजे आपली जागा राखून ठेवणारं ठिकाण, असं मी समजत होतो. पण तिथे जागा रिकामी ठेवून चालत नाही. कुणाला तरी उभं राहावंच लागतं.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. धाकट्या कोमलचं ठरलं.

"तू ये बरं, राजू. पण मागं उभं राहायचं सुभाषला सांगून ठेवलं."

"सरी," माझ्या तोंडून कानडीतलं 'बरं' निघालं.

"काय?"

"बरं केलंस, ताई."

पाच दिवसांची सुट्टी टाकली आहे. दोन दिवस आधीच पोचेन. लग्नघरात वाढायलाही माणसं लागतात.