लॅपटॉपातला बांध

वडीगोद्रीत भावाभावांचं बिनसलं की तहसीलच्या पायऱ्या चढायच्या आधी माणसं पुंजारामभाऊंचा उंबरा चढायची. भाऊ काही वकील नव्हते की मोजणीखात्यातले नव्हते. सातवीत शाळेने त्यांना आणि त्यांनी शाळेला, दोघांनी एकमताने सोडलं होतं. पण वाटणी करावी तर त्यांनीच. शेत, विहीर, गोठा, खळं. एकदा तर त्यांनी दोन भावांमध्ये एक आंब्याचं झाड वाटून दिलं होतं: खालच्या फांद्या थोरल्याच्या, वरच्या धाकट्याच्या. दोन वर्षांनी दोघं एकाच शिडीवर चढलेले दिसले, तेव्हा वाटणी बराबरच झाली असणार, असं भाऊ अजून सांगतात. हे ऐकताना हसायचं नसतं. हसलं की ते विहिरीची वाटणी सांगायला घेतात आणि ती लांब आहे.

भाऊंचे कायदे तीनच. वाटे एकाने पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे. पाडणाऱ्याला उरेल ते. दुसरा कायदा, दोन वाट्यांमध्ये बांध सोडायचा. चुलतभाऊ असले तर दोन हात, सख्खे असले तर तीन. आणि तिसरा, ज्याच्यासाठी पंचक्रोशी त्यांना मानायची: वाटा उचलला म्हणजे उचलला. त्यानंतर रडारड न्हाई, बदलाबदल न्हाई, आणि रात्रीतून बांध कोरणं तर बिलकुल न्हाई.

एवढ्या न्यायी माणसाच्या वाट्याला स्वतःच्या घरात काय आलं होतं, हे मात्र शेजारपाजारचे विचारत नसत. दिसतच होतं.

त्यांची एकुलती लेक बेबीनंदा पुण्याला नोकरीला. २००६ च्या दिवाळीत तिने आपला जुना लॅपटॉप आणून दिला, तो वडिलांसाठी. भाऊंनी त्याला हळदकुंकू लावलं, मोंढ्यातल्या धान्याचे भाव त्यात आपोआप दिसतील म्हणून दोन दिवस समोर बसून वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी उठून शेतात गेले. संध्याकाळी परत आले तर लॅपटॉप झुंबरबाईंचा झाला होता.

झुंबरबाई म्हणजे भाऊंची बायको. भाऊ माणसं वेगळी करायचे, त्या माणसं जुळवायच्या. पंचक्रोशीतल्या लग्नांची मंगलाष्टकं त्या रचत. छापील पुस्तकातली नव्हेत. ज्या घरचं लग्न त्याच घरची. नवरीचे मामा, आत्या, आजोळ, गावातला मारुती, सगळे आठ कडव्यांत बसवून देत. त्यातही त्यांचा हात कशावर बसलेला असेल तर रुसलेल्या चुलत्यावर. मांडवाबाहेर खांबाला टेकून उभा राहिलेला चुलता स्वतःचं नाव सूर लावून म्हटलेलं ऐकतो आणि अक्षता टाकायला निमूट आत येतो, असं कितीतरी लग्नांत झालेलं आहे. बेबीनंदाने सुट्टीत त्यांना मराठी टाइप करायला शिकवलं. एका बोटाने, दीड वर्षात, झुंबरबाईंनी दोन जाड वह्यांतली एकशे त्र्याऐंशी मंगलाष्टकं लॅपटॉपात उतरवली.

आणि मंग भाऊंनी त्या वह्या भज्याच्या गाडीवर देऊन टाकल्या.

वाईट हेतू नव्हता. हायवेवरचा भजेवाला कागद नाही म्हणून कुरकुरत होता. भाऊंना वाटलं, कंप्युटरात उतरलंय, आता वह्या घरात कशाला जागा अडवून राह्यल्या? पुढचे पंधरा दिवस पैठण-बीडकडे जाणाऱ्या लोकांनी कुणाकुणाच्या मामांच्या नावावर भजी खाल्ली. झुंबरबाईंना कळलं ते स्वतः पावशेर भजी आणली तेव्हा. पुडा उघडला तर तेलात भिजलेली त्यांच्याच भाचीच्या लग्नातली सातवी ओळ. तो कागद त्यांनी वाळवला, घडी केली आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवला. तेव्हापासून भाऊ देवाला नमस्कार करताना डोळे मिटून करतात.

२००८ च्या मे महिन्यात भाऊंच्या डोक्यात लिनक्स शिरलं. शिरवलं ते सत्यनारायण शेटजींनी. शेटजी म्हणजे हायवेच्या कडेला भांड्यांचं दुकान असलेले मारवाडी गृहस्थ. आजोबांच्या वेळेपासून इथले, मराठी आपल्यापेक्षा अस्सल. अंकुशनगरच्या कारखान्यातल्या कुणा ओळखीच्याने त्यांना विंडोजच्या जागी चालणाऱ्या ह्या लिनक्सची फुकट एक सीडी आणि एक मराठी माहितीपुस्तिका दिली होती आणि त्यांनी ती दुकानातल्या कंप्युटरवर चढवली होती.

"भाऊ, व्हायरसचं नाव न्हाई," शेटजी म्हणाले. "पत्रिका छापणाऱ्याचा पेन ड्राइव्ह लावला तरी ढिम्म. आणि फुकट."

पत्रिका छापणाऱ्याच्या पेन ड्राइव्हमुळेच भाऊंच्या घरचा लॅपटॉप सुरू व्हायला दूध तापवण्याइतका वेळ घेत होता. पण भाऊंना व्हायरसचं काही नव्हतं. त्यांना लागलं ते वेगळंच. शेटजींच्या कंप्युटरवर शेटजींचं काही तरी होतं. आपल्या लॅपटॉपवर आपलं काय?

घरी बोलणं काढलं तर झुंबरबाई निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, "विंडोज माझं हाये. माझं तिथंच राहू द्या. तुमचं तुम्ही दुसरीकडं बघा."

"अगं, दुसरीकडं कुठं? लॅपटॉप एकच हाये."

शेटजींनी दुसऱ्या दिवशी तोडगा सांगितला: दोन्ही एकाच लॅपटॉपात नांदू शकतात. डिस्कचे दोन भाग करायचे, एकात विंडोज, एकात लिनक्स. सुरू करताना यंत्र विचारतं, आज कोणाच्या घरी उतरायचं. जालन्याहून एक जाणता माणूस बोलावतो, तो बराबर करून देईल.

भाऊंच्या मिशीला इतका अपमान बऱ्याच दिवसांत सोसावा लागला नव्हता. "शेटजी, म्हंजे वाटणी. आणि वाटणीसाठी वडीगोद्रीत जालन्याहून माणूस?"

दिवस ठरला शुक्रवारचा, जागा शेटजींचं दुकान. कारण लॅपटॉपची बॅटरी कधीच निवर्तली होती, गावात लाइट तासाच्या हिशेबाने यायची आणि इन्व्हर्टर शेटजींकडे होता. दोन्ही पक्ष हजर पाहिजेत हा भाऊंचा आग्रह, म्हणून झुंबरबाई आल्या. त्यांच्याबरोबर शेजारच्या द्वारकाबाई आल्या, त्या जिवाला घोर लागून. त्यांच्या नातीचं लग्न रविवारी वाटूरला होतं. मंगलाष्टक तयार होतं, पण लॅपटॉपात. आणि ह्या लग्नातला चुलता साधासुधा नव्हता. तो सहा वर्षांपासून रुसलेला होता.

शेटजींनी पुस्तिका उघडली. "भाऊ, हिच्यात पहिलंच लिहिलंय, सगळ्याची एक नक्कल काढून बाहेर ठेवा. वहिनी, काढली का?"

"थांबा शेटजी," भाऊ म्हणाले. "आजवर चाळीस घरं वाटली. वाटणीच्या आधी कुणी शेताची नक्कल काढून ठेवली का? हात बसलेला हाये माझा."

द्वारकाबाई झुंबरबाईंच्या कानाला लागल्या, "भजेवाल्याला वह्या दिल्या तेव्हा पण बसलेलाच होता का गं?" कानाला लागल्या, पण आवाज दुकानभर गेला. भाऊ एका पितळी घागरीकडे बघत राहिले.

सीडी घरघरली. पडद्यावर आडवी पट्टी आली: साठ जीबी. शेटजी वाचत गेले, भाऊ सांगत गेले. डावीकडे एकोणतीस, उजवीकडे एकोणतीस.

"दोन जीबी राहून राह्यली भाऊ."

"राहू द्या. बांध हाये तो."

शेटजींनी चष्मा काढला. "कंप्युटरात बांध?"

"कंप्युटरात माणसं न्हाईत का? आज आम्ही दोघं हाओत. उद्या बेबीनंदाची लेकरं येतील, त्यांची भांडणं कोण मिटवणार?"

मग पुस्तिकेत आणखी एक बारीक तुकडा मागितलेला निघाला. यंत्राच्या हाताला काम फार झालं की थोडा वेळ सामान टेकवायची जागा. हा तिसरा वारस कोण म्हणून भाऊ आधी दचकले, मग समजूत पटली. "म्हंजे खळं. असू द्या. माझ्या हिश्श्यातून काढा."

खरं म्हणजे इथे काम संपत आलं होतं. उजवा रिकामा वाटा लिनक्सला द्यायचा आणि चहा सांगायचा. पण सवय ही सवय. भाऊ खुर्चीतून उठले, दोन पावलं मागे सरकले आणि भरल्या पंचायतीत म्हणावं तसं म्हणाले, "वाटे मी पाडले. आता तू उचल."

झुंबरबाईंनी पट्टीकडे पाहिलं. तीस वर्षं पंचांसाठी चहा करता करता त्यांनी एक गोष्ट हेरून ठेवली होती: उगवतीकडचा वाटा घेणारा माणूस परत तक्रार घेऊन येत नाही. लॅपटॉप ज्या टेबलावर होता त्याची उजवी बाजू उगवतीला होती. शिवाय भाऊ मघापासून डावीकडे बघून बोलत होते. तिथे नक्की काही तरी खोट असणार.

"उजवा," त्या म्हणाल्या.

"झालं," भाऊ म्हणाले. "डावा माझा. शेटजी, डाव्यावर बसवा लिनक्स."

शेटजींनी बाण डावीकडे नेला. पडद्यावर इंग्रजीत चौकट आली. शेटजींनी ती एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली आणि मग माउसवरचं बोट अलगद उचलून घेतलं, जसं तापलेल्या तव्यावरून उचलतात.

"भाऊ, हे म्हणतंय, डावीकडचं सगळं पुसून टाकू का?"

"जमीन साफ केल्याबिगर पेरणी कशी होईल? हो म्हणा."

"डावीकडं विंडोज हाये भाऊ. वहिनींची मंगलाष्टकं हायेत."

द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. झुंबरबाई होत्या तिथेच भांड्यांच्या फळीला टेकून बसल्या आणि त्यांच्या धक्क्याने एक चमचा खाली पडला, तो कुणी उचलला नाही.

"नक्कल?" शेटजींनी हळूच विचारलं.

"न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या. "वह्या होत्या."

भाऊंची पंचाईत आता खरी सुरू झाली. "हो" म्हणावं तर एकशे त्र्याऐंशी लग्नं आणि रविवारचं एक, एका टिचकीत गेली. "न्हाई" म्हणावं तर वाटा उचलल्यावर बदलला जातो, हे गावभर होणार. आणि ते करायला द्वारकाबाई समोर बसल्याच होत्या. पुढच्या वाटणीत कुणीही उठून म्हणेल, भाऊ, तुमच्या घरी चाललं, आमच्याकडे का नको? चाळीस घरांच्या बांधांवरचे दगड त्यांना एकदम हलताना दिसले.

"सामान उचलून उजवीकडं नेता येतं का?" त्यांनी विचारून पाहिलं.

"पुस्तिकेत तसं काही न्हाई."

भाऊ झुंबरबाईंकडे वळले. त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या पडद्याकडेही बघत नव्हत्या. ओठ हलत होते. भाऊंना उशिरा उमगलं: त्या पहिल्यापासून आठवून बघत होत्या, किती तोंडपाठ आहेत ते. चौथ्या की पाचव्याला अडल्या, मागे गेल्या, पुन्हा अडल्या.

पुंजारामभाऊ खाली वाकले. तो पडलेला चमचा उचलला, फळीवर ठेवला. म्हणाले, "वाटा बदलून मागून राह्यलो मी. उजवा मला दे."

हे वाक्य त्यांच्याच वाटण्यांत दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याला दारात उभं केलं नसतं. द्वारकाबाईंनी पदर तोंडावरून काढला, म्हणजे नीट ऐकू यावं.

झुंबरबाईंनी लगेच हो म्हटलं नाही. बदलून मागणाऱ्याला पदरचं काही तरी द्यावं लागतं, हे त्यांना माहीत होतं. "बांध द्या," त्या म्हणाल्या.

"बांध कुणाच्याच मालकीचा नसतो."

"मंग माझ्या वह्या द्या."

"त्या कुठून देऊ आता?"

"लिहून."

शेटजींनी पुस्तिका तोंडासमोर धरली. हसायला जागा दुसरी नव्हती.

"एकशे त्र्याऐंशी?" भाऊंनी विचारलं.

"एकशे चौऱ्याऐंशी. रविवारचं धरून. आणि आजच्याला ते आधी. ते कागदावर आल्याबिगर कुणी कशाला हात लावायचा न्हाई."

मग सीडी बाहेर काढली, विंडोज उघडलं, आणि ज्या माणसाने सातवीनंतर सहीखेरीज काही लिहिलं नव्हतं, त्याने भांड्यांच्या दुकानात स्टुलावर बसून आठ कडवी लिहून काढली. झुंबरबाई सांगत होत्या. चौथ्या कडव्यात त्यांनी "वेलांटी दीर्घ" म्हटलं, तर भाऊ म्हणाले, "चुलता रुसलेला हाये, त्याला वेलांटीचं काय?" आणि त्यांनी ती तरीही दीर्घ केली. मग सीडी पुन्हा लावली, उजव्या वाट्यावर लिनक्स बसलं, आणि विंडोज आपल्या जागी जसंच्या तसं उघडलं, फाइली एकूण एक. द्वारकाबाई खात्री करायला तीनदा मोजून घेऊन मगच घरी गेल्या. रविवारी वाटूरला चुलता मांडवात आला. उशिरा आला, पण आला.

बाकीच्या वह्या भरायला भाऊंना पोळा उजाडला. लिनक्समध्ये ते रोज उतरतात. तिथे त्यांनी आजवर काय केलं हे कुणाला ठाऊक नाही. शेटजी म्हणतात, जाऊन बांध बघून येतात.

पण वाटण्यांत फरक पडला. परवा दोघं भाऊ आले, तर पुंजारामभाऊंनी आधी मोजणीची साखळी काढली नाही, वही काढली. विहिरीला पाणी कोणत्या साली लागलं, लिंबाचं झाड कुणाच्या हातचं, आईला कुठल्या वावरात विंचू चावला, सगळं विचारून लिहून घेतलं. चौथा कायदा: उचलायच्या आधी नक्कल.

"शेताची नक्कल कशाला भाऊ?" धाकट्याने विचारलं.

"उगं ऱ्हा. लागते."

आतून झुंबरबाईंचा आवाज आला, "लिहू द्या त्यांना. नंतर ती वही भज्याच्या गाडीवर दिली न्हाई म्हंजे झालं."