दोन पट्ट्यांच्या मधला सूर

आमच्या भिंतीला भिंत लागून रुपराव राहतात. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत इलेक्ट्रिकचं मेंटेनन्स बघतात. म्हणजे दिवसभर हजारो चात्या फिरत्या ठेवणारा माणूस. पण घरचा मिक्सर काही त्यांच्याने दुरुस्त होत नाही. हे त्यांच्या बायकोचं, पंचफुलाचं म्हणणं. माझं नाही. मी ते फक्त प्रताप नगरभर सांगते.

पंचफुलाचं माहेर खापा गावचं. आमच्या महिला भजन मंडळातली पुढची बाई. पुढची म्हणजे आधी ती ओळ म्हणणार, मग आम्ही सगळ्याजणी तिच्या मागून. गेल्या वर्षी तिचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण आवाज खाली उतरला. आणि उतरून असा अडकला की हार्मोनियमच्या कुठल्याच पट्टीवर बसेना. काळी दोन धरली तर हिच्या वर, पांढरी दोन धरली तर खाली. त्यातही दोन कडवी झाली की थकून आणखी घसरायचा. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. याला ते सल्ला म्हणतात.

मंडळाच्या अध्यक्ष यमुताई. हार्मोनियम त्यांचीच, ती वाजवणाऱ्याही त्याच. त्या म्हणाल्या, "पंचफुला, तू आता टाळ घे. मागे बस. आराम पडेल गळ्याला."

पंचफुला घरी आली आणि भजनाची वही माळ्यावर टाकली. मग रुपरावांनी ठरवलं, आपणच असं वाद्य करायचं, ज्याचा सूर हाताने हवा तिथे नेता येईल. असे कीबोर्ड तयार मिळतात, हे माझ्या मुलीने, मुग्धाने त्यांना मोबाइलवर दाखवलंसुद्धा.

"त्याले बटन दाबा लागते ना वं वहिनी," रुपराव म्हणाले. "ते टप्प्याटप्प्यानं सरकते. हिचा आवाज गाता गाता घसरते. मले हातात खुंटी पायजे, हिच्यासंगं घसरणारी."

"एवढी बायकोसोबत जायची हौस होती, तर कधी पिशवी धरून भाजीबाजारात गेले असते," मी म्हटलं. पंचफुला बऱ्याच दिवसांनी हसली.

बर्डीच्या बाजारातून सुटे भाग आले. जेवणाच्या टेबलावर सिंथेसायझर तयार होऊ लागला आणि पोळ्या जमिनीवर बसून लाटल्या जाऊ लागल्या. सोबत सिक्वेन्सर. म्हणजे एका फळीवर सोळा खुंट्या, प्रत्येकीत एकेक स्वर बसवायचा; मग भजनाची चाल आपोआप फिरून फिरून वाजते. बाजूला एक मोठी खुंटी. ती फिरवली की अख्खी चाल वर किंवा खाली. पहिल्या दिवशी त्यातून जो आवाज निघाला, तो ऐकून मी विचारायला गेले, म्हैस घेतली का म्हणून.

हळूहळू त्या म्हशीची भजनाची चाल झाली. पण सकाळी लावलेला सूर दुपारपर्यंत वर चढलेला असायचा. रुपरावांनी सोल्डरिंगचे डाग उखडून पुन्हा दिले, कंडेन्सर बदलले, "बर्डीवाल्यानं डुप्लिकेट माल देल्ला" म्हणून त्याचा उद्धार केला. शेवटी कळलं, दोष आमच्या नागपूरच्या मे महिन्याचा. आतले ट्रान्झिस्टर तापले की सूर सरकतो. मग त्यांनी दोन ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून चिकटवले. दोघं सोबत तापले की एकाचा चढ दुसरा खातो म्हणे.

"पाठीला पाठ? म्हणजे तुम्ही दोघं भांडल्यावर झोपता तसे," मी म्हटलं.

फरक पडला, पण थोडाच. कूलरसमोर ठेवलं की सूर जागेवर राहायचा. पण मग कूलरच्या मोटरची घूं वाद्यात शिरायची. कूलर बंद केला की घूं बंद, आणि सूर निघाला फिरायला. सर्किट स्टीलच्या डब्यात घातलं, तारांना चिवड्याच्या पाकिटांची चांदी गुंडाळली. घूं कमी झाली, गेली नाही. गिरणीतल्या मोटरी काबूत ठेवणारा माणूस घरच्या कूलरपुढे कपाळ धरून बसलेला मी खिडकीतून पाहिला.

अधिक महिना लागला. देवळाच्या हॉलमध्ये रोज दुपारी भजन. यमुताईंनी एक दुपार पंचफुलाला दिली. "जमलं तर तूच पुढे. नाही जमलं तर टाळ, आणि मग हा विषय नको."

त्या दुपारी रुपराव सुट्टी काढून आले. हॉलमधला कूलर सुरू असताना स्पीकरमधून अशी घूं निघाली की देवसुद्धा दचकला असेल. रुपराव हात जोडून म्हणाले, "बायांनो, जरा वेळ कूलर बंद करू द्या ना वं." सगळ्या पदराने वारा घेऊ लागल्या. मी म्हटलं, "वाजवा भाऊ, आम्ही शिजायच्या आत."

चाल सुरू झाली. पंचफुलाने डोळे मिटले आणि ओळ उचलली. नेमकी त्या सुरावर. यमुताईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. पहिलं कडवं असं झालं की मला चेष्टा सुचेना.

दुसऱ्या कडव्याला हॉल तापला. वाद्य वर निघालं आणि तिचा आवाज खाली. रुपरावांनी खुंटी मागे घेतली. आणखी घेतली. घाम पुसायलाही त्यांचा हात रिकामा नव्हता. मग खुंटी अडली. त्यापेक्षा मागे ती जातच नव्हती. तरी ते पिळत राहिले.

"वहिनी," ते मला म्हणाले, "हे संपलं वं. आता काय करू?"

पंचफुलाला डोळे मिटून फक्त सूर ऐकू येत होता. तो वर गेला, म्हणून तीही वर चढायला लागली. तिच्याजवळ यावं म्हणून केलेल्या वाद्याच्या मागे ती धावू लागली. मानेच्या शिरा ताठ झाल्या. आवाज चिरला, नुसता वारा यायला लागला, तरी थांबेना.

रुपरावांनी प्लग ओढला.

पंचफुलाने डोळे उघडले, आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. ओळ अर्धीच राहिली होती. यमुताईंनी हार्मोनियम जवळ ओढली आणि आपल्या पट्टीत ती पुरी केली. बाया त्यांच्या मागून म्हणू लागल्या, मीही. कोणीतरी कूलर लावला. पंचफुला उठली, मागच्या रांगेत जाऊन बसली आणि तिथले टाळ उचलले. एकही ठोका चुकला नाही तिचा.

भजन संपल्यावर रुपराव हॉलबाहेर पायरीवर बसले होते. वाद्याचा डबा मांडीवर, झाकण उघडं.

"वहिनी, पहिलं कडवं तं बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं, भाऊ."

"मंग बिघडलं काहून?"

पंचफुला मागे येऊन उभी होती. "मी थकली जी," ती म्हणाली. आवाज जेमतेम निघत होता. "एवढंच झालं."

"नाही, नाही. तू बरोबर गाऊन राहिली होती. मशीनच तापली."

तिने वाकून डब्याबाहेर आलेली एक तार आत सारली.

"हो," ती म्हणाली, "मशीनच तापली," आणि चपला शोधायला लागली.