मूठ होती

“उठ, दाखव त्यांना,” सर म्हणाले. “कुठे लपवतात ते तुझ्याइतकं इथे कुणालाच माहीत नाही.”

लातूरची एक दाल मिल. वरच्या मजल्यावरची एसी खोली. मिलचे मालक शेठ, त्यांचा मुलगा, आमच्या पुण्याच्या कन्सल्टिंग कंपनीचे सर आणि टीममधले दोघं. टेबलावर स्टीलच्या ताटात तूर. मी नोकरीला लागून सहा आठवडे झाले होते.

मी उठले. ओढणी कमरेला गुंडाळली, पुढं दोन निऱ्या घेतल्या, त्या आत खोचून कप्पा केला. ताटातली मूठभर तूर उचलली आणि पोटाशी सरकवली. सरांनी हवेत बोट फिरवलं. म्हणजे गोल फिर. मी फिरले. एक दाणा खाली पडला नाही.

शेठ म्हणाले, “भायेरून कळत बी न्हाई की.” मग सरांकडं वळून म्हणाले, “साहेब, ह्या पोरीवर बी नजर ठेवा बरं का.”

सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसातलं मला बाकी सगळं गिळता येतं, ते माझं हसणं गिळता येत नाही.

माझी माय मुदखेडहून पॅसेंजरनं नांदेडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, झाडायला जाते. माझ्या जन्माच्या आधीपासून जाते. मोंढ्यात पोती उतरतात, फाटतात, माल सांडतो. आमच्या वस्तीतल्या बाया तो झाडून गोळा करतात. माती, खडे, उंदराच्या लेंड्या आणि त्यात दाणे. याला मातेरं म्हणतात. झाडायची मजुरी कुणी देत नाही. मातेरं हीच मजुरी. माय ते घरी आणून चाळायची, पाखडायची, दिव्याखाली बसून निवडायची. ते खाऊन मी वाढले, ते विकून मी शिकले, आणि नांदेडच्या विद्यापीठातून एमबीए झाले.

कॅम्पस इंटरव्ह्यूला हेच सर आले होते. म्हणाले, कागदावर नाही असं काहीतरी स्वतःबद्दल सांग. मी मातेऱ्याचं सांगितलं. मान ताठ ठेवून सांगितलं. सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. मला वाटलं, त्यांनी माझ्या मायला मान दिला. नोकरीचं पत्र आलं तेव्हा माय पेढे घेऊन मोंढ्यात गेली आणि ज्यांच्या दारापुढं झाडते त्या एकेका आडत्याला देऊन आली.

इथवर माझी चूक नव्हती. घात मी पुढं केला. लातूरच्या कामावर पहिल्याच आठवड्यात आम्ही सगळे धाब्यावर जेवत होतो. प्रत्येक जण आपापल्या आईच्या गमती सांगत होता. कुणाची आई ग्रुपवर भलतेच फोटो टाकते, कुणाची केकमध्ये साखर विसरते. मलाही त्यांच्यातलं एक व्हायचं होतं. मी सांगितलं की मातेऱ्याबरोबर एखादी मूठ चांगली तूरही माझी माय कमरेच्या कप्प्यात घालून आणते, आणि कुणाच्या बापाला कळत नाही. सगळे पोट धरून हसले. सर हसले नाहीत. त्यांनी फोनवर काहीतरी लिहून घेतलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मिलमध्ये माल कमी का भरतो, गळती कुठं होते, हे शोधायला शेठनं आम्हाला नेमलं होतं. दहा दिवसांनी स्लाइड तयार झाल्या. जुनी यंत्रं, ओलावा, फुटणारी डाळ, हे सगळं मागच्या पानांवर. पहिल्या पानावर मिलमध्ये मातेऱ्यावरच झाडणाऱ्या बाया. शिफारस, मातेरं बंद आणि गेटवर झडती. खाली बारीक अक्षरात माझं नाव, ‘लोकल इनसाइट’ म्हणून.

मी सरांना म्हटलं, मातेरं ही चोरी नाही, ती त्यांची मजुरी आहे. सर चिडलेसुद्धा नाहीत. “तू आता झाडूच्या या बाजूला आहेस,” ते म्हणाले. “सवय करून घे.” मी सवय करून घेतली. त्यानंतरच ती एसी खोली, ते ताट आणि माझं गोल फिरणं झालं.

मिलमध्ये झाडणाऱ्या बायांत गयाबाई सगळ्यांत वयस्क. आमच्याच जिल्ह्यातल्या लोह्याकडची, मायच्याच वयाची. मी पहिल्यांदा वही घेऊन फिरायला लागले तेव्हा तिनं मला थांबवून कोणाची गं तू म्हणून विचारलं होतं. मी मुदखेड म्हटलं, वस्तीचं नाव सांगितलं.  तिनं डबा उघडला आणि अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. मी ती तिच्याशेजारी पोत्यावर बसून खाल्ली होती.

झडतीचा पहिला दिवस. संध्याकाळचे पाच. गेटवर रखवालदार उभा, हातात परखी. परखी म्हणजे टोकदार, पोकळ लोखंडी नळी. पोत्यात खुपसली की आतला माल तिच्यातून बाहेर येतो. टीममधला एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता. बाजूला सरांची गाडी उभी होती आणि ड्रायव्हर डिकीत डाळीचे कट्टे रचत होता. शेठनं टीमला दिलेली भेट, एक नंबर तूरडाळ, माणशी तीस किलोचा कट्टा. एका कट्ट्यावर मार्करनं माझं नाव लिहिलेलं. खरं सांगते, मी खूश होते. मायला एकदा तरी न निवडता शिजवता येईल अशी डाळ न्यायची होती.

“हात वर,” रखवालदार म्हणाला. गयाबाईनं हात वर केले नाहीत. मातेऱ्याचं गाठोडं छातीशी धरून ती तशीच उभी राहिली. सर मला म्हणाले, “तू बघ. बाई आहेस ना तू.”

मी बघितलं. माझा हात तिच्या कमरेत गेला. शोधावं लागलं नाही. निऱ्यांच्या डाव्या अंगाला, आत दुमडलेला कप्पा. मायचा असतो तिथंच. मूठ होती. ती मी काढली आणि मोबाइलसमोर धरली. सर म्हणाले, “व्हेरी गुड.”

गयाबाई ओरडली नाही. माझ्याकडं बघत हळू म्हणाली, “हे तुला कोनं शिकीवलं गं?”

मला उत्तर येत होतं.  तेवढ्यात रखवालदारानं तिचं गाठोडं ओढलं. ती सोडेना. त्यानं शिवी हासडली आणि पोत्यात खुपसतात तशी परखी गाठोड्यात खुपसली. ती अंग चोरायला वळली. परखी तिच्या बरगडीखाली गेली.

रक्त त्या नळीतून आलं. दाणे येतात तसं, धारेनं. गयाबाई खाली बसली. गाठोडं सुटलं, मातेरं सांडलं, त्याचा लाल चिखल झाला. बाकीच्या बाया धावल्या, पदर दाबून धरायला लागल्या. सर म्हणाले, “शूटिंग बंद. हे बाहेर जाता कामा नये.” तिला दवाखान्यात न्या असं त्यांच्यातलं कुणी म्हणालं नाही.

मी रखवालदाराच्या मनगटाला चावले. कातडं फुटेपर्यंत चावले. परखी त्याच्या हातातून गळाली, ती मी उचलली आणि सरळ गाडीकडं गेले. ड्रायव्हर बाजूला झाला. पहिला घाव माझं नाव होतं त्या कट्ट्यावर. खुपसली, ओढली, परत खुपसली. मग दुसरा, मग तिसरा, मग सरांचा. पिवळी डाळ डिकीतून गेटवर ओतली. माझ्या तोंडात दुसऱ्याच्या रक्ताची चव होती आणि मला ती नकोशी वाटली नाही.

सर पळत आले. “वेड लागलंय का तुला?” मी वळले. परखीचं टोक त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर टेकलं.

“हात वर करा, सर.”

त्यांनी केले. लगेच केले. गयाबाईनं केले नव्हते.

मी विचारलं, ही कोणती गळती? ही कुठल्या स्लाइडवर आहे?  पायाशी डाळीचा ढीग पडला होता. एकाही बाईनं त्याला हात लावला नाही. मी परखी ठेवली नाही. ती हातात घेऊनच रिक्षा थांबवली, गयाबाईला घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिला नऊ टाके पडले. तिथून पोलीस ठाण्यात गेले आणि परखी टेबलावर ठेवली.

तिसऱ्या दिवशी कंपनीतून फोन आला. एक बाई होती, अगदी गोड बोलत होती. म्हणे, चोरी सापडल्यावर त्या बाईनं हल्ला केला आणि झटापटीत लागलं, एवढं लिहून दे. तुझी नोकरी राहील. नाहीतर परखी रोखल्याची केस तुझ्यावर होईल. गयाबाईच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या वकिलानं वेगळंच सांगितलं. मूठ सापडली हे बोलू नकोस, झडती तू घेतलीस हेही बोलू नकोस. दोघांनाही माझा जबाब गाळलेलाच हवा होता.

मी मुदखेडला गेले. मायला सगळं सांगितलं, धाब्यापासून. तिनं मधे एकदाच तोंड उघडलं. “मुठीचं बी सांगितलंस?” मी हाव म्हटलं. ती उठली आणि माझ्या कानाखाली वाजवली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. मग चप्पल घातली आणि माझ्याबरोबर लातूरला निघाली.

दवाखान्यात गयाबाईनं मायला खाटेवर जागा दिली. मला दिली नाही. वकील काय म्हणतो ते मी उभ्यानंच सांगितलं. तिनं भिंतीकडं तोंड करून ऐकलं.

“माज्यासाठी खोटं बोलू नको,” ती म्हणाली. “मूठ होती. तुला मी माफ केलं न्हाई. पन मूठ होती म्हनून सांग.”

सोमवारी माझा जबाब आहे. मी जाणार. कुठं लपवतात ते मी दाखवलं, हे माझं पहिलं वाक्य असेल. मूठ होती, ती मी काढली, हे दुसरं. मग परखी कुणी कुणाच्या अंगात खुपसली ते. आणि मग मी शेठला विचारणार की इतकी वर्षं झाडून घेतलंत, मजुरी कोणत्या दिवशी दिलीत ते सांगा. माझ्यावर केस झाली तर होऊ द्या. शर्टाला टोक मी लावलं होतं, तेही सांगणार.

स्लाइडवर माझं नाव त्यांनी लिहिलं. कट्ट्यावरही त्यांनीच लिहिलं. जबाबाखाली मी लिहिणार.