कासवाने विचारलेला प्रश्न

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा. मुलांसाठी वेबसाइटवर वाचनाचे धडे तयार करणारं ते दोन खोल्यांचं ऑफिस. पुढच्या खोलीत चित्रकार मुलगी खारी आणि कासवं रंगवायची, मागच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून ही बसायची.

बायकोचं काम पाहुण्यांना समजावताना नवऱ्याच्या नाकी नऊ येत. शेवटी तो म्हणे, "ही कासवाला बोलायला शिकवते." ते अगदीच खोटं नव्हतं. धड्याच्या पानावर मधोमध एक चौकट असे आणि तिच्यात हलणारं कासव. पण चौकट पानात बसवलेली असली, तरी पानावर काय लिहिलंय ते तिला दिसत नसे. एका भिंतीआड राहूनही ओळख नसलेल्या बिऱ्हाडासारखं. शाळेतल्या बाईंनी पानावर वाक्य लिहिलं, की ते उचलून चौकटीच्या दारात नेऊन द्यावं लागे. तेव्हा कुठे कासव तोंड उघडून ते बोले आणि मुलं खाली उत्तर लिहीत. ही ने-आण ताईकडे. पानाकडून काहीच आलं नाही तर कासव मुकं राहू नये, म्हणून चौकटीत एक राखीव वाक्य ठेवायचं, तेही तिनेच.

लेक परगावी नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. रविवारी तिचा फोन यायचा.

"जेवलीस का?"

"हो."

"थंडी आहे का गं तिकडे?"

"थोडी."

फोन ठेवल्यावर हिला वाटे, एवढं तर हवामान खात्यानेही सांगितलं असतं. मग ती पुढचा तासभर लेकीचा आवाज बसला होता का, हे आठवत राही. 'कधी येतेस?' दर रविवारी जिभेच्या टोकावर यायचं आणि ती ते गिळायची. एकदाच विचारलं होतं. "बघते. आई, मागे लागू नकोस ना," एवढंच उत्तर आलं. त्यानंतर विचारायची छाती झाली नाही.

चाचणी करताना राखीव वाक्याच्या जागी हाताला येईल ते लिहायची तिची सवय. एरवी 'अबक' नाहीतर 'आज मंगळवार' असलं काहीतरी. त्या मंगळवारी तिने लिहिलं, 'कधी येतेस? वाट बघतेय.' कासवाने मान वर करून विचारलं. तिने ते आणखी दोनदा विचारायला लावलं. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली आणि वाक्य तसंच राहून गेलं.

तेवढ्यावर निभावलंही असतं, कारण राखीव वाक्याची पाळी क्वचितच येते. पण त्याच दुपारी तिने पानावरच्या वाक्याच्या कप्प्याला नवीन नाव दिलं आणि चौकटीला ते कळवायचं राहिलं. चौकट जुन्याच नावाने विचारत राहिली, तिकडून ओ येईना. बुधवारी सकाळी चाळीस शाळांमधलं कासव एकच प्रश्न विचारू लागलं.

"ताई, एका बाईंचा फोन होता," साहेब दारात उभे राहून म्हणाले. "म्हणतात, तुमचं कासव सकाळपासून कोणाची तरी वाट बघतंय. आमचा धडा कधी घेणार?"

चित्रकार मुलगी फिसकन हसली. "ससा यायचा असेल."

"तू गप गं. ताई, दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी बोललो असतो."

हे बोलण्याहून वाईट होतं. मान खाली घालून तिने वीस मिनिटांत दुरुस्ती केली. मग मुलांची उत्तरं पुसायला घेतली. ती वाचायची गरज नव्हती. तिने वाचली.

'उद्या येते. आज पोट दुखतंय.'

'आईला विचारून सांगतो.'

'तू हळू चालतोस, तूच थांब. मीच येतो.'

'मी तर इथेच आहे.'

तीनशेच्या वर उत्तरं होती. एकाही पोराने कासवाला मागे लागू नकोस म्हटलं नव्हतं. ती उठली, जिन्यात गेली आणि रविवार नसताना लेकीला फोन लावला.

"काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. मी एक घोळ घातला." तिने सगळं सांगितलं. पोटदुखीपाशी लेक खळखळून हसली. मग म्हणाली,

"आई, ते वाक्य मला होतं ना?"

"कासवाचं होतं."

"आई."

"हो. तुलाच होतं. कधी येतेस?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"या वर्षी नाही जमायचं गं. अजून कायम केलं नाहीये मला. आत्ता मोठी रजा घेतली, तर माझ्या जागी दुसरीला बसवतील. तुला सांगितलं असतं तर तू रात्र रात्र जागली असतीस, म्हणून नुसतं बघते बघते म्हणत होते."

"मी तशीही जागीच असते."

"माहितेय. बाबा सांगतात."

तिला वाटलं होतं, 'नाही' ऐकलं की आपण खचू. पण दीड वर्षात लेकीने पहिल्यांदाच तिच्या हातात काहीतरी खरं ठेवलं होतं, आणि आता तिला आणखी हवं होतं.

"तुझ्या खोलीची खिडकी कुठल्या अंगाला आहे?"

"हे काय मध्येच?"

"सांग ना. दारातून आत आलं की काय दिसतं?"

लेक सांगू लागली. डाव्या हाताला खिडकी, तिची एक कडी तुटलेली. भिंतीला फिका हिरवा रंग. हिने डोळे मिटले आणि जिन्याच्या कठड्याला धरून त्या खोलीत पाऊल टाकलं. कॉटपाशी आल्यावर ती थांबली.

"उशाशी काय असतं?" तिने विचारलं.