मनगटावरची पकड

माझं मनगट धरून त्यांनी माझा हात वर केला. भर सभागृहात. लहान पोराला रस्ता ओलांडायला धरतात, तसं.

ते म्हणजे आमच्या पक्षाचे गटनेते. शेजारच्याच खुर्चीवर बसायचे. मी लालबागचा नगरसेवक, जन्मापासून आंधळा. प्रस्तावावर मत द्यायचं ते हात वर करून. कागद सभागृहात बसल्यावरच हातात पडायचे. ते कुणीतरी वाचून दाखवा, असं मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. गटनेते म्हणायचे, "वाचून काय करणार साहेब? आम्ही आहोत ना!" त्या दिवशी विषयाचा नुसता क्रमांक पुकारला. हात वर गेला, खाली आला. पुढचा विषय.

संध्याकाळी चाळीत शिरलो तर एकेक दार लागत गेलं. आई माझी वरळीची कोळीण. आमच्या गल्लीतल्या मासळी बाजारात तिचा जन्म गेला. म्हणाली, "बाजार उठवायला तुजापन हात व्हता ना रे?" एवढंच. मग ताट वाढलं. बाजाराच्या जागी टॉवर येणार होता. मासळीवाल्या बायकांना जागा देणार होते कॉटन ग्रीनला, गोदामांच्या मागे. तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही. मी ताट बाजूला सारलं. लाज वाटली, आणि लाजेहून जास्त संताप आला.

तिकीट मला का मिळालं, हे काय मला कळत नव्हतं? प्रचारात उघड्या जीपवर उभं करून काळा चष्मा काढायला लावायचे. "लोकांना डोळे दिसू देत." लोक हळहळायचे. मी मनाला समजवायचो, निवडून आल्यावर काम करून दाखवू. कसलं काय.

अंतिम मंजुरीला तो विषय पुन्हा आला. या वेळी मी महापालिकेच्या चिटणीसांच्या दारात ठिय्या मारून कागद आधीच मिळवले होते, बायकोकडून वाचून घेतले होते. मनगटावर पकड आली. मी हिसडा दिला. उभा राहिलो.

"माझं मत विरोधात. नोंद घ्या."

गटनेते हसत म्हणाले, "त्यांना दिसत नाही. कुठला विषय चाललाय ते कळलं नसेल."

सभागृह हसलं. दोन्ही बाजूंचं. मी विषय क्रमांक सांगितला, बाजाराचं नाव सांगितलं. महापौरांच्या खुर्चीवरून बाई म्हणाल्या, "बसा, बसा. पडाल."

ठराव मंजूर झाला.

बाजार उठला. आई घरी बसून असते. पक्षाचा आदेश मोडला म्हणून माझं पद जाणार. सुनावणी नावापुरती आहे. चाळीतले विचारतात, तुझ्या एका मताने काय झालं? काही झालं नाही. खरं आहे ते.

पुढच्या निवडणुकीला मी अपक्ष उभा राहणार. पडणार, हे पक्कं ठाऊक आहे. जीप नको, हार नको. प्रत्येक दार वाजवून एकच सांगणार: बाजाराचं विचारा, गटारांचं विचारा, चुकलो असेन तर तोंडावर शिव्या घाला. पण कीव येत असेल, तर मत मला देऊ नका.